‘स्वतःचा लॅपटॉप आवश्यक’

आमच्या गल्लीतल्या दोन-तीन मुली घरून करण्याजोगं काम शोधताहेत. एखादी जाहिरात दिसली की मला पाठवतात, कारण पुण्याच्या एका कंपनीचं पगाराचं आणि हिशेबाचं काम मी नऊ वर्षं कोल्हापुरात बसून करते आहे. काम कसलं, पगार किती, वेळ कोणती हे जाहिरातीगणिक बदलतं. तळाची एक ओळ मात्र बहुतेक ठिकाणी तीच असते: ‘स्वतःचा लॅपटॉप आवश्यक’. परवा त्यातली एक म्हणाली, “ताई, माझ्याकडं टॅब हाय की. कीबोर्ड पण जोडलाय. चालंल का?” म्हटलं, विचारून बघ. तिनं विचारलं. टॅब चालणार नाही, एवढंच उत्तर आलं. का चालणार नाही, हे कुणी सांगितलं नाही.

मला ते ‘का’ महत्त्वाचं वाटतं. माझं मत आधीच सांगून टाकते. घरी बसून ऑफिसच्या कॉम्प्युटरवर काम करायचं असेल, तर हातातलं यंत्र टॅब आहे म्हणून माणसाला दारातूनच परत पाठवू नये. कामाला नेमकं काय लागतं ते कंपनीने सांगावं, ते टॅबवर जमतं का हे एकदा करून दाखवू द्यावं, आणि जे यंत्र ठरेल त्याचा खर्च कंपनीने उचलावा. यातला शेवटचा भाग अनेकांना जड जातो, हे मला माहीत आहे.

हे मत पुस्तकातून आलेलं नाही. ते जुलै २०२१ च्या महापुरात तयार झालं. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट आहे. त्या आठवड्यात पाणी ५५ फुटांच्या पुढे गेलं. २०१९ चा पूर अंगावर काढलेला असल्यामुळे आम्ही शुक्रवार पेठेतलं घर या वेळी लवकर सोडलं आणि उजळाईवाडीला मामांकडे गेलो. कंपनीने दिलेला माझा लॅपटॉप आठवडाभर आधी दुरुस्तीसाठी पुण्याला गेला होता. शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आलं आणि पुण्याची वाट बंद झाली. तिकडून लॅपटॉप येणं शक्य नव्हतं. इकडे महिनाअखेर जवळ आलेली, दीडशेहून जास्त माणसांचा पगार काढायचा होता. त्यातली काही माणसं इचलकरंजी आणि शिरोळची, ज्यांच्या स्वतःच्या घरात पाणी शिरलं होतं. त्यांना तो पगार एक दिवससुद्धा उशिरा मिळून चालणार नव्हता.

मामेबहिणीकडे शाळेच्या ऑनलाइन तासांसाठी घेतलेला दहा इंची टॅब होता, सिम कार्ड घालायची सोय असलेला. मामेभावाच्या दुकानात एक जुना ब्लूटूथ कीबोर्ड सापडला. मी कंपनीत फोन केला. सिस्टिम बघणारा मुलगा म्हणाला, “मॅडम, टॅब पॉलिसीत बसत नाही.” शेवटी साहेबांनी चार दिवसांची परवानगी दिली. त्या चार दिवसांत मी हजेरी चढवली, पीएफचे १२ टक्के, ईएसआयचा (कामगारांच्या आरोग्य विम्याचा) पाऊण टक्का, व्यवसाय कराचे दोनशे रुपये, उचल, रजा असं सगळं वजा करून पगारपत्रक पूर्ण केलं आणि बँकेची फाइल तयार केली. वीज कितीदा गेली याची मोजदाद ठेवली नाही. नेटही तुटायचं. पुन्हा आत शिरलं की कर्सर मी सोडला होता त्याच रकान्यात लुकलुकत असायचा.

पाणी ओसरलं, महामार्ग सुरू झाला, लॅपटॉप आला आणि टॅबवरचा प्रवेश बंद झाला. कारण विचारलं तेव्हा ‘सुरक्षिततेसाठी’ एवढं एका शब्दात सांगितलं गेलं. जे चार दिवस सुरक्षित होतं ते पाचव्या दिवशी असुरक्षित कसं झालं, हा प्रश्न मी अजून सोडलेला नाही.

कर्सर त्याच रकान्यात का राहिला, हे समजलं की निम्मा वाद मिटतो. रिमोट डेस्कटॉपवर, म्हणजे दूरचं मशीन नेटवरून चालवत, काम करताना हिशेब टॅबमध्ये होतच नसतो. टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर, एक्सेल, पगाराचं सॉफ्टवेअर सगळं पुण्याच्या मशीनवर चालू असतं. आपल्या बोटांची हालचाल आणि दाबलेली अक्षरं तिकडे जातात, तिकडच्या पडद्याचं चित्र इकडे येतं. नेट तुटलं तर फक्त चित्र थांबतं. पुण्याचं मशीन आपली वाट बघत तसंच उघडं राहतं. म्हणून ‘टॅबवर टॅली चालत नाही’ हे वाक्य खरं असूनही इथे गैरलागू आहे. टॅली विंडोजवर चालते आणि विंडोज पुण्यात आहे. टॅबवरचं एक्सेलचं ॲप मॅक्रो, म्हणजे फाइलमध्ये साठवलेल्या आपोआप चालणाऱ्या आज्ञा, चालवत नाही, हेही खरं. पण मी ते ॲप उघडतच नाही. मी पुण्याच्या मशीनवरचं पूर्ण एक्सेल बघत असते. टॅबची स्वतःची ताकद आणि टॅबमधून दिसणाऱ्या मशीनची ताकद या दोन गोष्टींची गल्लत जाहिराती लिहिणाऱ्यांकडून सर्रास होते.

या कामाला नेटचा वेगही लोक समजतात तेवढा लागत नाही. आकडे आणि अक्षरं यांचं चित्र हलकं असतं. त्रास होतो तो विलंबाचा. कळ दाबली आणि अक्षर अर्ध्या सेकंदाने उमटलं तर माणूस वैतागतो, चुका करतो. हा विलंब लॅपटॉपवरही तेवढाच असतो, कारण तो नेटमुळे येतो. हातातलं यंत्र बदलून तो जात नाही.

टॅबबद्दलचा पूर्वग्रह कुठून आला तेही कळतं. आयपॅड २०१० मध्ये आला तेव्हा तो बोटाने वापरायचा, वाचायचा, बघायचा प्रकार होता. त्याला माऊस आणि ट्रॅकपॅडची नीट साथ मिळाली ती थेट मार्च २०२० मध्ये. सॅमसंगने फोनला मोठा पडदा जोडून कॉम्प्युटरसारखं वापरायची डेक्स ही सोय २०१७ मध्ये आणली आणि पुढे ती टॅबवरही दिली. म्हणजे कीबोर्ड, माऊस, एकाहून अधिक खिडक्या हे सगळं टॅबवर गेल्या काही वर्षांतलं आहे. अनेक कंपन्यांचे नियम त्याआधी लिहिले गेले आणि तसेच राहिले. आमच्याकडे आजही टॅब म्हटलं की ‘पोरांचं खेळणं’ असंच मनात येतं, माझ्या मामांच्यासुद्धा, ज्यांनी मला चार दिवस त्याच खेळण्यावर पगार काढताना पाहिलं.

आता अडतं कुठे, तेही मोकळेपणाने सांगायला हवं. टॅबची बाजू घेणारे बरेचदा इथे गप्प राहतात आणि मग नव्याने काम करणारी माणसं फसतात.

पहिली अडचण एफच्या ओळीची, म्हणजे कीबोर्डच्या वरच्या एफ-१ ते एफ-१२ या कळांची. टॅलीत काम करणाऱ्याची बोटं माऊसकडे जातच नाहीत. एफ-५ पेमेंट, एफ-६ रिसीट, एफ-७ जर्नल, एफ-८ विक्री, एफ-९ खरेदी, एफ-२ ने तारीख. टॅबच्या पडद्यावरच्या कीबोर्डवर या कळा नसतात. रिमोट ॲपमध्ये त्यांची वेगळी पट्टी उघडता येते, पण प्रत्येक व्हाउचरला, म्हणजे व्यवहाराच्या प्रत्येक नोंदीला, ती पट्टी उघडून बोट मारायचं म्हणजे काम नव्हे, शिक्षा आहे. टॅबसोबत मिळणारे बरेच देखणे, पातळ कीबोर्डही एफची ओळ गाळूनच बनवलेले असतात, काहींवर एस्केपसुद्धा नसते. मामेभावाच्या दुकानातला तो जाडजूड, मळका कीबोर्ड कामाला आला, कारण त्यावर बाराच्या बारा कळा होत्या. हिशेबाच्या कामासाठी टॅब घेणाऱ्या प्रत्येकाला मी आधी हेच सांगते: कीबोर्ड बघून घे, टॅब नंतर बघू.

दुसरी अडचण डिजिटल सहीची, आणि ही मोठी आहे. कंपन्यांच्या आणि एलएलपींच्या (मर्यादित जबाबदारीच्या भागीदारी संस्थांच्या) जीएसटी विवरणाला, कंपनी मंत्रालयाच्या फॉर्मना डिजिटल सही लागते. ती सही एका यूएसबी टोकनमध्ये, म्हणजे पेनड्राइव्हसारख्या लहान वस्तूत, असते. त्या टोकनला विंडोजवर ड्रायव्हर लागतो आणि सहीचं सॉफ्टवेअर लागतं. टॅबला ते टोकन लावून उपयोग होत नाही. कुणी सुचवतं की टोकन पुण्याच्या मशीनलाच लावून ठेवा. पण रिमोट डेस्कटॉपची रचनाच अशी की, अशी कार्डं आणि टोकनं ती आपल्या बाजूच्या यंत्रावर शोधते. तिकडे लावलेलं टोकन बहुधा दिसतच नाही. शिवाय सहीचं टोकन कायम मशीनला खोचून ठेवणं म्हणजे सही केलेला कोरा चेक टेबलावर ठेवणं आहे. तेव्हा सहीचं काम ज्याच्याकडे आहे त्याला विंडोजचं मशीन लागणारच. मात्र एखाद्या ऑफिसात सही करणारा एक असतो आणि आकडे भरणारे दहा असतात. त्या एकाची अट दहांना लावू नये.

मराठी टायपिंगचं दुखणं वेगळंच आहे. टॅबवर मराठी कीबोर्ड छान चालतो, पण जोडलेल्या कीबोर्डवरून रिमोटमध्ये मराठी लिहायचं तर मला पुण्याच्या मशीनवर मराठी कीबोर्ड घालून घ्यावा लागला. त्यात जुन्या फाइली युनिकोडमध्ये नसतील तर तिकडच्या फॉन्टचा सराव हवा. हे जमतं, पण पहिला आठवडा जातो.

आणि पडदा. दहा इंचांत दोन तक्ते शेजारी ठेवून ताळा घेणं डोळ्यांना जड आहे. वेगळा मॉनिटर जोडावा तर स्वस्त टॅबपैकी बऱ्याच टॅबमधून यूएसबीवाटे चित्र बाहेर पडतच नाही; दुकानात हे विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही. टॅब मांडीवर ठेवून तासन्‌तास मान वाकवून काम केलं तर मानेचं काय होतं, हे मी अनुभवाने जाणते. पडदा डोळ्यांच्या रेषेत आणि कीबोर्ड हाताखाली, अशी मांडणी टॅबलाही लागते.

हे सगळं सांगूनही मी टॅबच्या बाजूने आहे. यातली प्रत्येक अडचण ‘अमुक कामाला अमुक वस्तू लागते’ अशा शब्दांत लिहिता येते. जाहिरातीत लिहा: एफच्या कळांचा कीबोर्ड हवा, मॉनिटर जोडता यायला हवा, सहीचं काम असेल तर विंडोज हवं. उमेदवाराला कळेल, तो ठरवेल. ‘लॅपटॉप आवश्यक’ या दोन शब्दांत यातलं काहीच सांगितलेलं नाही.

सुरक्षिततेचा मुद्दा मी मुद्दाम मागे ठेवला, कारण तोच सर्वांत जास्त पुढे केला जातो. पगाराची यादी म्हणजे नावं, बँक खाती, आधार, पॅन. ती बाहेर गेली तर माणसांचं खरंखुरं नुकसान होतं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात माहितीची वाजवी काळजी न घेतल्याबद्दल २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. तेव्हा कंपनीने काळजी करावी हे योग्यच आहे.

पण मग ‘स्वतःचा लॅपटॉप’ मागवून कोणती काळजी घेतली जाते? घरातला लॅपटॉप म्हणजे काय, हे आपण सगळे जाणतो. त्यावर कुणाचा तरी भाऊ चोरीचं विंडोज टाकून देतो, पुतण्या गेम उतरवतो, पेनड्राइव्ह कुणाचाही कुठेही लागतो. ऑफिसची फाइल एकदा त्या डेस्कटॉपवर उतरली की तिची प्रत कुठे कुठे गेली ते देवच जाणे. त्या मानाने बऱ्या कंपनीचा, अद्ययावत टॅब मुळातच बंदिस्त असतो. एका ॲपला दुसऱ्या ॲपच्या माहितीत सहज हात घालता येत नाही, आतली माहिती कुलूपबंद साठवलेली असते, हरवला तर दुरून पुसता येतो. अँड्रॉइडवर कामाचा कप्पा वेगळा करता येतो आणि त्या कप्प्यावर कंपनीचं नियंत्रण राहतं. रिमोट डेस्कटॉप चालवताना फाइल इकडे उतरवायची आणि मजकूर कॉपी करायची सोय कंपनीच्या बाजूनेच बंद करता येते. मग टॅब चोरीला गेला तरी चोराच्या हाती काच आणि बॅटरी लागते, पगाराची यादी लागत नाही.

खरी भोकं दुसरीकडेच असतात. कित्येक लहान ऑफिसांत रिमोट डेस्कटॉपचं दार, म्हणजे ३३८९ क्रमांकाचं पोर्ट, थेट इंटरनेटवर उघडं टाकलेलं असतं. व्हीपीएन म्हणजे ऑफिसपर्यंतची सुरक्षित खासगी वाट नाही, ओटीपी नाही, पासवर्ड मालकाच्या मुलाच्या नावाचा. तिथे तुम्ही लाखाचा लॅपटॉप घेऊन बसलात तरी उपयोग नाही, आणि ते दार नीट लावलेलं असेल तर वीस हजारांच्या टॅबवरून आत येणाऱ्यामुळे काही बिघडत नाही.

एक अट मात्र टॅबला कडक लावली पाहिजे. बाजारात असे स्वस्त टॅब मिळतात ज्यांना विकल्यानंतर सुरक्षेचे अपडेट मिळतच नाहीत, किंवा वर्ष-दीड वर्षात बंद होतात. असा टॅब कंपनीने नाकारला तर मी कंपनीच्या बाजूने उभी राहीन. पण नाकारताना कारण ‘अपडेट बंद’ हे द्यावं, आणि अपडेट बंद झालेल्या जुन्या विंडोजचा लॅपटॉपही त्याच कारणासाठी नाकारावा.

आता दुसऱ्या बाजूचा एक प्रसंग. गोकुळ शिरगावात फाउंड्री चालवणारे एक परिचित आहेत. त्यांनी एकदा विचारलं, “वहिनी, ऑफिसातल्या पोरींस्नी लॅपटॉपऐवजी टॅबच देऊ काय? निम्म्यात भागतंय.” त्यांच्याकडे कारखान्यात प्रत्यक्ष ओतकाम चालतं तिथे सुपरवायझरना टॅब आहेत आणि ते तिथे शोभतात. पॅटर्नचं ड्रॉइंग बोटाने मोठं करून बघायचं, कास्टिंगचा फोटो काढून तिथल्या तिथे नोंद करायची, कुठल्या हीटचा, म्हणजे एका वेळी वितळवलेल्या धातूचा, माल कुठे गेला ते बघायचं. या कामात लॅपटॉप आडवा येतो. पण हिशेबातल्या मुलींचं काम वेगळं. मी म्हटलं, “तुम्ही स्वतः बसा. चाळीस व्हाउचर भरा टॅबवर, आधी नुसत्या पडद्यावर, मग कीबोर्ड लावून. मग ठरवा.” ते बसले. नुसत्या पडद्यावर त्यांनी सातव्या व्हाउचरला टॅब बाजूला ठेवला. पुढे त्यांनी टॅबही घेतले, कीबोर्ड, माऊस आणि मॉनिटरही घेतले. निम्म्यात भागलं नाही, तरीही त्यांना पटलं.

म्हणून टॅबचं समर्थन काटकसर म्हणून करणाऱ्यांपासूनही मला सावध राहावंसं वाटतं. साधारण वीस-पंचवीस हजारांत बरा टॅब आणि कीबोर्ड येतो, कामाचा नवा लॅपटॉप चाळीस हजारांच्या पुढे जातो, एवढा फरक आहे. महागडा आयपॅड आणि त्याचा कीबोर्ड घेतला तर हिशेब उलटा होतो. फरक जो काही असेल तो कंपनीच्या खिशात जाऊन कर्मचाऱ्याच्या मानेवर आणि डोळ्यांवर पडत असेल, तर तो टॅब मला नको. पण आजच्या जाहिरातीत तर त्याहून वाईट चाललं आहे. यंत्र कोणतं हे कंपनी ठरवते आणि विकत घ्यायचं उमेदवाराने. ठरवणारा एक आणि पैसे भरणारा दुसरा, ही पद्धत कोणत्याही धंद्यात अन्यायाचीच ठरते. शिरोलीच्या कारखान्यात लेथवर काम करणाऱ्याला कुणी ‘स्वतःचा लेथ आवश्यक’ असं सांगत नाही.

घरातलं एक निरीक्षणही इथे नोंदवते, कारण ते बायकांच्या वाट्याला जास्त येतं. टेबलावर लॅपटॉप उघडून बसलं की घरातल्यांना वाटतं, हिचं ऑफिस चालू आहे. तीच बाई टॅब घेऊन बसली की सासूबाईंना वाटतं मालिका बघतेय, आणि कुकर लावायला हाक येते. ज्यांना मी टॅबवर काम करायला शिकवलं त्या प्रत्येकीने हे सांगितलं. यंत्र लहान दिसतं म्हणून कामही लहान समजलं जातं. त्याची दुसरी बाजू अशी की टॅब कुठेही नेता येतो, म्हणून काम कुठेही येतं. रात्री साडेनऊला “जरा तेवढं बघता का” असा निरोप येतो आणि टॅब उशाशीच असतो. कामाच्या वेळेनंतर फोन आणि ईमेल नाकारण्याचा हक्क असावा, यासाठी सुप्रिया सुळे यांचं २०१८ सालचं खासगी विधेयक लोकसभेत आलं होतं. त्याचा कायदा झाला नाही. टॅबला परवानगी मागताना वेळेची हद्दही लेखी मागून घ्यायला हवी, नाहीतर सोयीचीच बेडी होईल.

मी या प्रश्नाला एवढी चिकटून आहे ती कोल्हापुरामुळे. रविवारी रात्री ताराराणी चौकात किंवा तावडे हॉटेलपाशी उभं राहून बघा. पाठीवर सॅक, हातात आईने दिलेला डबा, पुण्याच्या गाडीची वाट बघणारी मुलं-मुली. सव्वादोनशे किलोमीटरचा प्रवास करून ती सोमवारी जिथे पोहोचतात, तिथे त्यांच्यातली काहीजण जे काम करतात ते कोल्हापुरात बसून होण्यासारखं असतं. इथे आयटी पार्क व्हावं ही मागणी कित्येक वर्षांची आहे आणि ती रास्त आहे. पण जागा, इमारत, कंपन्या येईपर्यंत एका पिढीचं शिक्षण होऊन ती गावाबाहेर पडते. रिमोट कामाला इमारत लागत नाही. त्यातही ज्यांना गाव सोडताच येत नाही अशी माणसं आहेत: आजारी आईवडील सांभाळणारी, लहान मूल असलेली, जिने चढता न येणारी. त्यांच्यातल्या अनेकांच्या घरी २०२०-२१ च्या ऑनलाइन शाळेमुळे टॅब आलेला आहे. काही ठिकाणी तो मुलांच्या परीक्षांसाठी आला. राज्य सरकारच्या महाज्योती संस्थेनेही जेईई, नीट, सीईटी अशा प्रवेश परीक्षांची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांना टॅब दिले. त्याआधी २०११ मध्ये केंद्राने ‘आकाश’ नावाचा स्वस्त टॅब काढला होता. तो फारच दुबळा होता आणि ती योजना टिकली नाही, पण टॅब हे शिकण्याचं साधन आहे ही कल्पना सरकारने तेव्हापासून धरून ठेवली. शिकण्याचं साधन म्हणून जे द्यायचं, तेच कमावण्याचं साधन म्हणून नाकारायचं, ही विसंगती कुणीतरी दूर करायला हवी. ऑगस्ट २०२३ मध्ये आयातीवर निर्बंध घालताना केंद्र सरकारने लॅपटॉप आणि टॅब एकाच यादीत बसवले. आयातीत जे एका रांगेत बसतात ते कामावर घेतानाही बसायला हरकत नसावी.

सरकारने आणि महापालिकेने यात करण्यासारखं फार खर्चिक काही नाही. कोल्हापूरला १८५० पासून करवीर नगर वाचन मंदिर आहे. उपनगरांत लहान वाचनालयं आहेत, अभ्यासिका आहेत. अशा जागी चार टेबलं, प्रत्येकावर मॉनिटर, एफच्या बारा कळा असलेला कीबोर्ड, खात्रीचं नेट आणि इन्व्हर्टर एवढं ठेवलं तर टॅब घेऊन येणाऱ्या बाईला तिथे ऑफिस मिळेल. घरी कुकरची हाक येणार नाही, मान वाकणार नाही, सहा वाजता उठून जाता येईल. पूर आला तर उंचावरच्या भागातलं असं एखादं टेबल किती मोलाचं ठरतं, ते मी सांगू शकते.

त्या मुलीने, जिला टॅब चालणार नाही असं सांगितलं होतं, गेल्या आठवड्यात पुन्हा पत्र लिहिलं. आम्ही दोघींनी बसून लिहिलं. टॅब कोणता, अपडेट कधीपर्यंत मिळणार आहेत, कीबोर्डवर कोणत्या कळा आहेत, मॉनिटर जोडता येतो का, सहीचं काम तिच्याकडे असणार आहे का, हे सगळं त्यात मांडलं आणि शेवटी एवढंच मागितलं की एक तास करून दाखवू द्या. त्यांनी सोमवारी सकाळी अकराची वेळ दिली आहे. तिच्या कीबोर्डवर एफची ओळ नव्हती, म्हणून माझा जुना तिला दिला. काल संध्याकाळी माझ्या टेबलावर बसून तिनं चाळीस व्हाउचर भरली. एक तास सात मिनिटं लागली. आज पुन्हा येणार आहे.